नागपूरहून मालवणला: समुद्री गुहा आणि मासळी बाजार अर्ध्या दिवसात बघायचे तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. धरमपेठेतल्या एका ताईंचं सहा जणांचं कुटुंब जानेवारीत मालवणला जातंय. नवरा-बायको, सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, दहा आणि सहा वर्षांची मुलं. नागपूर-मडगाव गाडीनं कुडाळला उतरून चार दिवस मुक्काम. घरमालकानं त्यांना 'समुद्री गुहा आणि मच्छीमार वस्तीतला बाजार, सोबत गाइड, सकाळी दहा ते दुपारी दोन' अशी सहल सुचवली आहे. दिवस ठरलाय संकष्टीचा. ताई विचारतात: ही सहल घ्यावी का, म्हाताऱ्यांना झेपेल का, पैसे किती द्यावे, सासूबाई माळकरी आहेत तर त्यांना बाजारात न्यावं का, आणि येताना मासे नागपूरला आणता येतील का?

ताई, सहल जरूर घ्या. पण दहा ते दोन या वेळेत घेऊ नका, आणि संकष्टीलाही घेऊ नका. विदर्भातल्या मंडळींना कोकणात नेण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि या एका गोष्टीसाठी मी घरमालकाशी, बोटवाल्याशी, कधी कधी आपल्याच मंडळींशीही वाद घालतो. हॉटेलचा नाश्ता संपतो म्हणून दहा आणि जेवायची वेळ होते म्हणून दोन, असं वेळापत्रक समुद्रावर चालत नाही. गुहा कधी बघायच्या ते ओहोटी ठरवते आणि बाजार कधी बघायचा ते परतणाऱ्या होड्या ठरवतात. दहा ते दोन या वेळेत बहुतेक वेळा दोन्ही हुकतात. सकाळचा लिलाव उरकलेला असतो, संध्याकाळचा सुरू व्हायचा असतो. तुम्हाला दिसतात ओल्या रिकाम्या टोपल्या आणि दोन-चार उरलेले वाटे.

आपण अंबाझरी आणि फुटाळा बघत वाढलेली माणसं. आपल्याकडचं पाणी पावसाळ्यात चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं, वर्षाला एक फेरा. समुद्राचं पाणी साधारण चोवीस तास पन्नास मिनिटांत दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. वरची पन्नास मिनिटं महत्त्वाची, कारण त्यामुळे भरतीची वेळ रोज पुढे सरकते. आज सकाळी नऊला जिथून खडकांवरून चालत गेलात, तिथे आठवड्यानं त्याच वेळी गळ्याइतकं पाणी असू शकतं.

ही वेळ काढायला कोकणातल्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे, तो शिकून घ्या. तिथीची पाऊणपट करायची. येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दुपारची आणि रात्रीचीही. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, आकडा तोच. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, सव्वादोनला ओहोटी. हिशेब ठोकळ आहे. मालवणकडे भरती त्याच्या थोडी आधीच येते, त्यामुळे तासाभराचा फरक धरून चाला. नेमकी वेळ भरतीच्या छापील तक्त्यात किंवा मोबाइलवर मिळतेच. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघून नागपुरात बसल्या बसल्या सहलीचा दिवस ठरवता येतो, हे केवढं सोयीचं आहे! मी प्रत्येक गटाचं आरक्षण करण्याआधी हेच करतो.

आता तुमचा दिवस. संकष्टी म्हणजे वद्य चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. दहाला निघालात तर सगळा वेळ पाणी चढत असणार. गुहांच्या तोंडाशी चढतं पाणी म्हणजे सगळ्यात वाईट वेळ, कारण परतीची वाट मागून बंद होत जाते. शिवाय जानेवारीत सकाळी समुद्र शांत असतो आणि दुपारकडे वायव्येचा वारा वाढायला लागतो. बारानंतर बोट हलू लागते, मुलं पिवळी पडतात आणि आजी डोळे मिटून बसतात. त्यात संकष्टीचा उपवास. रिकाम्या पोटी बोटीत बसलं की मळमळ हमखास. म्हणून दुसऱ्या दिवशी, पंचमीला जा. त्या दिवशी ओहोटी साधारण नऊ ते पावणेदहाच्या दरम्यान येईल. सकाळी साडेसातला बोटीत बसा, साडेदहाला किनाऱ्यावर या. जेवा, म्हाताऱ्यांना झोपू द्या, आणि बाजार संध्याकाळी चारनंतर बघा. अर्धा दिवस तेवढाच लागतो, फक्त त्याचे दोन तुकडे होतात. घरमालक म्हणेल की गाडी दोनदा काढावी लागेल. त्याचे थोडे जास्त पैसे द्या.

गुहांबद्दल आधीच स्पष्ट सांगतो, नाहीतर तिथे गेल्यावर मुलांचा हिरमोड होईल. जाहिरातीत समुद्री गुहा म्हणून जे उंच कमानींचे, हिरव्या पाण्याचे फोटो दिसतात, त्यातले पुष्कळसे थायलंडच्या फांग-ङा उपसागराचे असतात. तिथला दगड चुनखडीचा. चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणून तिथे डोंगराच्या पोटात मोठमोठ्या खोल्या तयार होतात आणि होडी आत जाते. आपल्या किनाऱ्यावर उत्तरेकडे बेसॉल्टचा काळा पाषाण आहे, दक्षिणेकडे त्याहून जुने खडक आहेत आणि बऱ्याच ठिकाणी वर जांभ्याची टोपी. हे दगड तसे विरघळत नाहीत. इथे लाट भेगेत शिरते, भेगेतली हवा दाबली जाते, लाट मागे फिरली की ती हवा एकदम सुटते, आणि असं हजारो वर्षं होत होत भेग रुंदावते. जांभ्याच्या कड्यात आणखी एक गोष्ट घडते. वरचा थर उन्हावाऱ्यानं टणक झालेला असतो आणि खाली मऊ मातकट थर असतो. लाटा खालचा थर खात जातात, वर छपरासारखा जांभा उरतो, त्याची कपार होते, आणि एक दिवस ते छप्परच खाली येतं. किनाऱ्यावर पडलेले खोलीएवढे जांभ्याचे धोंडे दिसले की समजा, तिथे कधीतरी कपार होती. मुलांना हे तिथे उभं राहून दाखवा. दहा वर्षांच्या पोराला ते पुस्तकापेक्षा चांगलं कळतं. आणि म्हणूनच अशा कपारीखाली सावलीला बसायचं नाही, फोटोपुरतंही नाही.

मालवणहून अर्ध्या दिवसात होण्याजोगा पट्टा म्हणजे कर्ली नदीच्या मुखापासून भोगवे, किल्ले निवती आणि निवती बंदरापर्यंतचा किनारा. बोटीतून हे कडे, भेगा, कपारी आणि लाटांनी घासून काढलेले सुळके बाहेरून बघायचे. सकाळचं ऊन कड्याच्या मागून येतं, त्यामुळे कडा सावलीत असतो आणि डोळे दिपत नाहीत. डॉल्फिन बहुधा दिसतात. दिसले तर बोटवाल्याला त्यांच्या मागे धावायला सांगू नका. इंजिन मंद करून थांबलं की तेच जवळ येतात.

इथे एक बारकावा आहे, तो बहुतेक गाइड सांगत नाहीत. देवबागहून निघणाऱ्या बोटी कर्लीच्या मुखातून बाहेर पडतात. ओहोटीच्या वेळी नदीचं पाणी जोरात बाहेर धावतं आणि समोरून लाट आत येते. दोन्ही एकमेकांवर आदळून तोंडाशी उभ्या लाटा उठतात. तरुण मंडळींना त्यात मजा वाटते, पण सत्तरीच्या माणसाच्या कमरेला तो दणका बरा नाही. गुहांना ओहोटी हवी आणि मुखाला ओहोटी नको, अशी ती अडचण. तुमच्यासोबत सासू-सासरे आहेत, म्हणून गाडीनं कर्लीवरचा पूल ओलांडून निवतीच्या बाजूला जा आणि तिथूनच बोट घ्या. तास-सव्वा तासाचा रस्ता आहे, पहाटे लवकर निघावं लागेल, पण नदीचं मुख टळतं. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर त्यांनी निवतीच्या वाळूत खुर्ची टाकून बसावं. इथे वाळूतून पाण्यात उतरून बोटीत चढावं लागतं, जेटीवरून पायरी उतरल्यासारखं ते सोपं नाही. कंबरेला आधार द्यायला दोन माणसं लागतात. आधीच सांगून ठेवलं तर बोटवाले ती देतात, आणि फार प्रेमानं देतात.

कुणी तुम्हाला वेंगुर्ला रॉक्सची गुहा दाखवतो म्हणालं तर नको म्हणा. निवतीच्या समोर, खुल्या समुद्रात बरंच आत हे खडकाळ बेटांचं टोळकं आहे. त्यावर दीपगृह आहे, आणि तिथल्या एका गुहेत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. हा पक्षी लाळेनं घरटं बांधतो, आणि वटवाघळासारखा टिकटिक आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवर अंधारात वाट काढतो. परदेशात या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यांचं सूप करतात, त्यापायी इथली घरटी चोरली गेली आहेत. फेब्रुवारी-मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत त्यांचा विणीचा हंगाम असतो. तेव्हा तिथे माणूस शिरला, बॅटरी मारली, आरडाओरडा झाला, की पक्षी उडतात आणि अंडी-पिल्लं खाली पडतात. जानेवारीत विणीचा हंगाम सुरू झालेला नसला तरी खुल्या समुद्रातला तो प्रवास सहा वर्षांच्या मुलासाठी नाही. ज्यांना पक्ष्यांचं खरंच वेड आहे त्यांनी वनखात्याला विचारून, जाणकारासोबत, वेगळा दिवस काढून जावं.

तुमच्या प्रवासात पुढे कधी गुहागर असेल तर हेदवीची बामणघळ मात्र चुकवू नका. उमा-महेश्वराच्या देवळाशेजारी काळ्या कातळात एक लांब अरुंद घळ आहे. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं, टोकाला आपटतं आणि कारंज्यासारखं सरळ वर उडतं. तिथला हिशेब उलटा: पूर्ण भरती हवी. ओहोटीला गेलात तर नुसती फट दिसते आणि लोक 'एवढंच?' म्हणत परततात. पाऊणपट करा, भरतीच्या अर्धा तास आधी पोचा आणि कोरड्या कातळावर मागे उभे राहा. जिथला दगड ओला आणि हिरवा दिसतो तिथे लाट पोचते, एवढी खूण पुरे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला कारंजं सगळ्यात उंच उडतं आणि धोकाही तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ती लहान. मुलं सोबत असली तर मी या दोन्हींच्या मधला दिवस निवडतो.

आता सुरक्षिततेचं. यात मी कुणाचीच भीड धरत नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, त्यात कित्येक माणसं गेली. म्हणून बोटीत बसण्याआधी चार गोष्टी बघा. बोटीवर परवाना क्रमांक आणि प्रवासीसंख्या रंगवलेली असते, ती वाचा आणि माणसं मोजा. प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवं आणि सहा वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं. मोठ्याचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. ते अंगात घालून, पट्टे आवळून, मगच बोट हलली पाहिजे. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट वेळेला कामाचं नसतं. बोटीत दोन माणसं हवीत, एक सुकाणूवर आणि एक मोकळा. आणि बोटवाला 'आज वारा बरा नाही' म्हणाला तर वाद न घालता परत फिरा. त्या माणसाचा दिवसाचा धंदा बुडत असूनही तो नाही म्हणतोय, यातच सगळं आलं. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत तर या बोटी बंदच असतात. त्या दिवसांत कुणी गुपचूप नेतो म्हणाला तर त्याचं तोंडही बघू नका.

मळमळीसाठी: आदल्या रात्री तिखट-तेलकट नको. सावजीची सवय असली तरी मालवणी वडे-मटण बोटीच्या आधी पचत नाही. सकाळी थोडे पोहे किंवा भाकरी खाऊन निघा. बोटीत मध्यभागी बसा, नजर मोबाइलवर न ठेवता दूर क्षितिजावर ठेवा. आलेपाक जवळ असू द्या. गोळी घ्यायची तर ती बसण्याच्या अर्धा-एक तास आधी, आणि सासू-सासऱ्यांची रक्तदाबाची किंवा साखरेची औषधं चालू असतील तर नागपुरातच डॉक्टरांना विचारून.

आणि आता बाजार, जो मला स्वतःला गुहांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या तलावांवरचे मासे, मरळ, रोहू, कतला, ढिवर बांधव आणतात आणि ते बाजारात वजनावर मिळतात. समुद्रावरचा लिलाव ही वेगळीच गोष्ट आहे. होड्या लागल्या की मासे जातवार वेगळे होतात. सुरमईसारखा मोठा मासा एकेक करून, बांगडे-तारली टोपलीवर. लिलाव पुकारणारा भराभर आकडा बोलतो, आणि व्यापारी मान हलवून, बोट उचलून, कधी नुसत्या डोळ्यांनी बोली वाढवतात. नवख्याला वाटतं भांडण चाललंय. दोन मिनिटांत ढीग विकला जातो आणि सगळे पुढच्या ढिगाकडे सरकतात. तुम्ही त्या घोळक्याच्या मध्ये उभे राहू नका. त्यांच्यासाठी ती कामाची घाई आहे, आणि बर्फात पडायला उशीर झाला की माशाचा भाव उतरतो. एक बाजू धरून उभं राहिलं तर कुणीतरी आपणहून समजावून सांगतं.

लिलावात तुम्ही घ्यायचं नाही. तुम्हाला हवं ते थोड्याच वेळात बाजूला बसलेल्या काकींकडे मिळतं. त्या लिलावातून टोपली घेतात आणि वाटे लावून विकतात. भाव करा, पण निम्म्यावर मागू नका. एका टोपलीवर त्यांचा फायदा थोडा, आणि उरलेला मासा उद्या विकला जात नाही. त्या पहाटेपासून बसलेल्या असतात. मी मंडळींना सांगतो, चार जणींकडे भाव ऐका, जिच्याशी दोन शब्द नीट बोलता आले तिच्याकडून घ्या, आणि मासे कापायचे पैसे वेगळे द्या. सुटे पैसे जवळ ठेवा. फोटो काढण्याआधी विचारा. विचारलं की बहुतेकजणी हसून हो म्हणतात, न विचारता तोंडासमोर मोबाइल धरला की पदर ओढून घेतात. त्यांच्या कामाच्या जागी आपण पाहुणे आहोत.

ताजा मासा ओळखणं मुलांना शिकवा, त्यांना ते फार आवडतं. डोळा स्वच्छ आणि फुगीर हवा, आत बसलेला नको. कल्ला उचलून बघायचा, लाल हवा. बोटानं दाबलं तर खड्डा भरून आला पाहिजे. कुर्ली, म्हणजे खेकडा, हातात जड लागली पाहिजे. हलकी असेल तर आत मांस कमी. शिंपल्या बंद असाव्यात, किंवा टिचकी मारली की बंद व्हाव्यात. नावंही ऐकून घ्या, कारण तिथली नावं वेगळी: पापलेटाला सरंगा, सुरमईला इसवण, कोळंबीला सुंगटं, लहान शार्कला मोरी. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे. तळहाताहून लहान पापलेट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ते वाढायच्या आधीच पकडलेलं पिल्लू असतं, आणि आपण घेतो म्हणून ते पकडलं जातं.

मालवण बंदरावर लिलाव सकाळीही होतो आणि संध्याकाळीही. घड्याळाची वेळ मात्र कुणी सांगू शकत नाही, होड्या येतील तशी. चारच्या पुढे जाऊन थोडं थांबायची तयारी ठेवा. संकष्टी, सोमवार, गुरुवार या दिवशी तिथेही अनेक घरांत मासे शिजत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक कमी असतं. रविवारी आणि बुधवारी झुंबड. तुमची पंचमी सोमवारी-गुरुवारी येत असेल तर काकी निवांत असतील आणि जास्त बोलतील. नशीब असेल तर सकाळी वायरी-तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना दिसेल. होडीनं समुद्रात अर्धवर्तुळात लांबलचक जाळं टाकतात आणि दोन्ही टोकांनी पंचवीस-तीस माणसं ते तासन् तास किनाऱ्याकडे ओढतात. मिळेल त्या मासळीचे वाटे होतात. दोराला हात लावायची इच्छा झाली तर विचारा, नाही म्हणत नाहीत. मोठ्या जाळ्यांच्या आणि दिव्यांच्या मासेमारीमुळे रापणीला मासळी कमी मिळते, ही इथल्या मच्छीमार गाबीत समाजाची जुनी तक्रार आहे. प्रकाशझोतातल्या मासेमारीवर केंद्र सरकारनं २०१७ मध्ये बंदी घातली, तरी वाद संपलेला नाही. गाइड गावातला असेल तर याबद्दल त्याला विचारा. पाठ केलेली माहिती बाजूला ठेवून माणूस मनापासून बोलायला लागतो.

सासूबाई माळकरी आहेत, त्यांना बाजारात नेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण आग्रहही करू नका. वास तीव्र असतो, जमीन ओली आणि निसरडी असते, पायात रबरी तळाची चप्पल लागते. मी अशा वेळी एक करतो: बाकीचे लिलावाला जातात तेव्हा आजी-आजोबांना सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर, किनाऱ्यावर बसवतो. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला बंदरावरून समोरच दिसतो, आणि आत श्री शिवराजेश्वराचं मंदिर आहे. चढण झेपत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी होडीनं जाऊन दर्शन घेता येतं. किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रात प्रवाळ आहे, म्हणूनच १९८७ मध्ये हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथून शंख, प्रवाळाचे तुकडे उचलून आणायचे नाहीत, हे मुलांना आधीच सांगा. जेवणाचंही सांगून ठेवा. मालवणात शाकाहारी पानही उत्तम मिळतं: काळ्या वाटाण्याची आमटी, आंबोळ्या, सोलकढी. मासे शिजवलेली भांडी वेगळी ठेवायला सांगितलं तर घरगुती खानावळवाल्या वहिनी ते पाळतात.

पैशाचा आकडा मी देत नाही, कारण तो हंगामाप्रमाणे आणि डिझेलप्रमाणे बदलतो. पण कसं विचारायचं ते सांगतो. भाव माणशी आहे की अख्ख्या बोटीचा, हे आधी विचारा. तुम्ही सहा जण आहात, अख्खी बोट घेतली तर वेळ तुमच्या हातात राहते आणि माणशी फार फरक पडत नाही. माणशी भावात बोट भरेपर्यंत थांबवतात आणि ओहोटी निघून जाते. गाडी, बोट, गाइड, जॅकेट, बाजारातला वेळ, सगळं धरून किती, ते फोनवर न ठरवता लिहून मागवा. वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत की दुसरा दिवस, तेही त्यातच. गाइड म्हणून मालवण-निवतीचाच माणूस मागा, शक्यतो घरात मासेमारी असलेला. त्याला परीक्षा म्हणून एकच प्रश्न विचारा: 'पंचमीला सुकती, म्हणजे ओहोटी, किती वाजता?' जो न अडखळता सांगेल, त्याच्यासोबत जा. मी अनोळखी ठिकाणी माणूस असाच निवडतो.

विकत घेतलेले मासे मुक्कामी द्या, बहुतेक ठिकाणी शिजवून देतात. बांगड्याच्या कालवणात तिरफळ घालायला सांगा. आपल्या जिभेला तो वास पहिल्यांदा वेगळा वाटेल, दुसऱ्या घासाला आवडेल. लहान मुलांना आधी सुरमईचा तळलेला तुकडा द्या, काटा कमी असतो. तारली आणि पेडवे चवीला अप्रतिम, पण काट्यांची सवय लागते. नदीचा मासा खाणाऱ्याला वाटतं आपल्याला काटे काढता येतात, तरी सांभाळून.

राहिला मासे नागपूरला आणायचा प्रश्न. ओले मासे आणू नका. कुडाळ ते नागपूर प्रवास जवळजवळ अख्ख्या दिवसाचा, त्यात गाडी उशिरा धावली तर बर्फ वितळतो, थर्मोकोलच्या खोक्यातून पाणी गळतं आणि डब्यातल्या सगळ्यांना त्रास होतो. त्याऐवजी सुकी मासळी घ्या: सुके बांगडे, सुकी सुंगटं, गोलमा म्हणजे बारीक सुकट. घेताना हातात मोडून बघा. कडक तुटली पाहिजे, वाकली तर आत ओल आहे आणि ती वाटेतच खराब होईल. वर मिठाचा पांढरा थर जाड असेल तर वजन मिठाचं भरतं. आधी वर्तमानपत्रात, मग दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि तो डबा सासूबाईंच्या फराळाच्या पिशवीपासून लांब. घरी पोचल्यावर गच्चीवर एक दिवस ऊन दाखवा. मांजरांपासून राखायला जाळी लागेल. मग बरणीत भरा. नागपूरच्या कोरड्या हवेत ती उन्हाळाभर चांगली राहते, पावसाळा लागायच्या आत मात्र संपवा.